जपानला निघण्यापूर्वी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जपानला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, 'काय म्हणतो जपान?' उत्तर ठरलेलं असतं. 'काय शिस्त आहे हो त्या लोकांची! रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, गाडीला मिनिटाचा उशीर नाही. नाही तर आपल्याकडे बघा...' मग पुढची दहा मिनिटं जपानची नसतात, आपल्या महापालिकेची असतात. तेवढ्यात मोबाइलमधले फोटो सरकत राहतात. फुजी पर्वत, चेरीचा बहर, सोनेरी मंदिर, नाराच्या हरणांना बिस्किटं भरवणाऱ्या वहिनी. फोटो संपले की जपानही संपतो.

मला या शिस्तीच्या वाक्याची थोडी भीती वाटते. ते खोटं आहे म्हणून नव्हे, खरंच आहे. पण ते एकदा म्हणून टाकलं की पुढे पाहायचं काही उरत नाही. त्या शिस्तीच्या आत माणसं राहतात. त्यांना ती जड होते का, कुणी ती मोडतं का, मोडली तर त्याचं काय होतं, हे सात-आठ दिवसांच्या सहलीत दिसणार कसं? पुढे झेंडी धरलेला गाइड, मागे आपण. भाषा येत नाही, आणि जपानी माणूस अनोळखी माणसाशी आपण होऊन घडाघडा बोलणाऱ्यांतला नाही. २०२४ या एका वर्षात साडेतीन कोटींहून जास्त परदेशी प्रवासी जपानला जाऊन आले. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींतही आता युरोपशेजारी जपान असतो. जाणारे वाढले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी काय वाचावं आणि कोणते चित्रपट पाहावेत, याबद्दल आज बोलावंसं वाटलं.

हॉटेलं, रेल्वेचा पास, कुठे काय खावं, ही माहिती देणारी पुस्तकं तुम्ही घेणारच आहात. मी वेगळ्या पुस्तकांबद्दल बोलते आहे. आपल्या पिढीला जपान पहिल्यांदा भेटला तो बहुधा पु. लं.च्या 'पूर्वरंग'मधून. ते पुस्तक जरूर काढून वाचा, पण त्यातला जपान साठ वर्षांपूर्वीचा आहे आणि पाहणारे डोळे आपले आहेत. जपानी माणूस स्वतःकडे कसा पाहतो, हे त्याच्याच पुस्तकांत आणि चित्रपटांत सापडतं.

सुरुवात 'तोत्तोचान'पासून करा. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद पुष्कळ घरांत असतो, पण मुलांच्या कपाटात. तो आता तुमच्यासाठी बाहेर काढा. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक १९८१ साली जपानमध्ये आलं आणि प्रचंड खपलं. ते सुरू कसं होतं, आठवतं? पहिलीतल्या एका मुलीला शाळेतून काढून टाकलेलं आहे. कारण काय, तर ती डेस्कचं झाकण सारखं उघडते आणि मिटते, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, पाकोळ्यांशी बोलते. म्हणजे बघा, जपानमध्ये अतोनात वाचलं गेलेलं एक पुस्तक शिस्तीत न बसणाऱ्या मुलीचं आहे. मूळ नावात 'खिडकीजवळची' असा शब्द आहे. त्या काळी जपानी कचेऱ्यांत ज्यांना बाजूला सारलेलं असे, काम न देता नुसतं बसवून ठेवलेलं असे, त्यांना 'खिडकीजवळचे' म्हणत. पुस्तकाच्या नावात ती बोच आहे. अनुवादात ती उतरणं कठीणच.

मग तोत्तोचान तोमोए नावाच्या शाळेत जाते. रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या मुलीचं बोलणं तब्बल चार तास ऐकून घेतात. ही शाळा खरी होती, टोकियोच्या जियुगाओका भागात. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. आज तो भाग छानछान दुकानांचा आणि केक-मिठाईचा म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे कॉफी प्यायला गेलात तर इतकं माहीत असू द्या, की या गल्ल्यांत एकेकाळी रेल्वेच्या डब्यांची शाळा होती. २०२३ साली या पुस्तकावर ॲनिमेशनपट निघाला. त्यात युद्ध हळूहळू घरात कसं शिरतं ते फार चांगलं दाखवलं आहे. रंगीत कपडे जातात, डब्यातला खाऊ जातो, कुणी मोठ्यानं काही बोलत नाही.

आता 'आपल्याकडे बघा' म्हणणाऱ्यांसाठी खास शिफारस: अकिरा कुरोसावा यांचा १९५२चा 'इकिरू'. नावाचा अर्थ 'जगणं'. नायक एका नगरपालिकेत विभागप्रमुख आहे. तीस वर्षांत एक दिवस रजा नाही आणि तीस वर्षांत एक दिवस काम नाही. कागद येतो, शिक्का बसतो, कागद पुढे जातो. वस्तीतल्या बायका घाण पाण्याचं डबकं बुजवून द्या म्हणून अर्ज घेऊन येतात. त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या, असं करत सगळी इमारत फिरवून पुन्हा पहिल्याच खिडकीशी आणून सोडतात. हे दृश्य पाहताना आमच्या घरात सगळे खो-खो हसले, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं. पुढे या माणसाला कळतं की आपल्याला पोटाचा कॅन्सर आहे. मग उरलेल्या दिवसांत तो त्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करायच्या मागे लागतो.

खरी गंमत मात्र पुढे आहे. चित्रपट बराच उरलेला असताना नायक मरतो. मग त्याच्या फोटोसमोर सहकारी बसतात, पितात, वाद घालतात, रडतात, आपणही उद्यापासून असंच वागू म्हणून शपथा घेतात. आणि दुसऱ्या दिवशी? कचेरी पुन्हा जशीच्या तशी. त्या खुर्च्यांना कुरोसावांनी जराही सूट दिलेली नाही. टोकियो महानगर सरकारच्या उंच इमारतीवर लोक देखावा बघायला चढतात. तुम्हीही चढा, पण त्याआधी 'इकिरू' पाहिलेला असू द्या.

शिस्तीबाहेरच्या माणसावर जपानी लोकांचं प्रेम किती, हे पाहायचं असेल तर तोरा-सान. हा फिरता विक्रेता, चौकोनी चेहऱ्याचा, तोंडाळ आणि मनानं हळवा. प्रत्येक चित्रपटात घरी येतो, भांडतो, प्रेमात पडतो, प्रेम हुकतं आणि पेटी उचलून पुन्हा चालू लागतो. १९६९पासून १९९५पर्यंत किओशी आत्सुमी या एकाच नटानं ही भूमिका अठ्ठेचाळीस चित्रपटांत केली. जवळजवळ सगळे योजी यामादा यांनी दिग्दर्शित केलेले. नोकरी नाही, घड्याळ नाही, वेळेवर येणं नाही, आणि लोक पंचवीस वर्षं रांगा लावतात! अठ्ठेचाळीस बघू नका. पहिला बघितलात तरी पुरे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तो चित्रपट. यासुजिरो ओझू यांचा १९५३चा 'टोकियो स्टोरी'. गोष्ट सांगायला गेलं तर चार ओळींची. ओनोमिची नावाच्या समुद्रकाठच्या गावातलं एक म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जातं. मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर. दोघंही वाईट नाहीत, त्यांना नुसता वेळ नाही. आईवडिलांचं करायचं काय, हा प्रश्न पडल्यावर मुलं पैसे काढून त्यांना आतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. तिथे रात्रभर तरुणांचा गोंगाट. बिचारी दोघं परत येतात, तर मुलीला ते अडचणीचंच होतं. त्यांच्यासाठी कामावरून एक दिवस रजा काढते ती नोरिको, युद्धात गेलेल्या मधल्या मुलाची बायको. रक्ताचं नातं नाही, आता तर सांगायला नवराही नाही.

हा चित्रपट मी माझ्या आत्याबरोबर घरी पाहिला. तिला इंग्रजी तळटिपा वाचता येत नव्हत्या, म्हणून मी मधूनमधून सांगत होते. अर्ध्या तासानं ती म्हणाली, 'अगं, तू नको सांगूस. कळतंय मला.' शेवटाकडे आई वारते आणि जेवणाच्या पानावरच मुलगी आईचे अमुक कपडे मला हवेत म्हणते, तेव्हा आत्या एवढंच बोलली, 'आपल्याकडे निदान तेरावं होऊ देतात.' पुढे सासरा नोरिकोला सासूचं घड्याळ देतो. आत्यानं पदर डोळ्यांना लावला तो उतरवलाच नाही.

ओझूंचा कॅमेरा खाली असतो, जमिनीवर चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. कुणी ओरडत नाही, कुणी रडून कोसळत नाही. माणसं हसतात, मान लववतात, 'हो ना' म्हणतात, आणि त्या 'हो ना'च्या खाली केवढं काय असतं! जपानला जाण्याआधी डोळ्यांना सवय हवी ती याची. आपण ज्याला नम्रपणा म्हणून फोटोत घेतो, ते लववलेलं डोकं कधी आभार असतं, कधी नकार असतो आणि कधी नुसतं दुःख झाकणं असतं. दोन तास या घरात बसलात की पुढे जपानी माणसाचं हसणं तुम्ही जरा थांबून बघाल. कुणी म्हणेल, फार संथ आहे. आहेच संथ. पहिली वीस मिनिटं सोसा.

क्योतोला सगळेच जातात, आणि सोनेरी मंदिर, म्हणजे किन्काकुजी, पाहिल्याशिवाय कुणी परतत नाही. तळ्यात पडलेलं त्याचं सोनेरी प्रतिबिंब पाहताना लोक म्हणतात, 'सहाशे वर्षं झाली, कसं टिकवलंय बघा!' टिकवलेलं नाही. १९५० सालच्या जुलैमध्ये तिथल्याच एका तरुण शिकाऊ भिक्षूनं ते जाळलं. आज उभी आहे ती १९५५ साली पुन्हा बांधलेली वास्तू. या घटनेवरून युकिओ मिशिमा यांनी १९५६ साली कादंबरी लिहिली, तिचं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. बोलताना अडखळणारा एक मुलगा, आणि त्याला असह्य होत जाणारं ते सौंदर्य. कादंबरी सोपी नाही आणि मिशिमा हा लेखकही सगळ्यांना रुचेल असा नाही. मलाही तो काही ठिकाणी अंगावर येतो. पण ती वाचून त्या तळ्याकाठी उभं राहिलात तर नुसतं 'वा' म्हणून फोटो काढणं जमणार नाही, एवढं नक्की.

मिशिमा नको असेल तर जुनइचिरो तानिझाकी यांचा सावल्यांवरचा दीर्घ निबंध घ्या. १९३३चा आहे, इंग्रजीत 'इन प्रेझ ऑफ शॅडोज' या नावानं मिळतो, एका दुपारी संपतो. जुनी जपानी घरं, कागदी दारांतून गाळून येणारा उजेड, अंधारातच खुलणारी लाखेची भांडी, यांवर हा माणूस लिहितो आणि विजेच्या झगझगाटावर वैतागतो. शौचालयावर तर त्यानं इतक्या प्रेमानं लिहिलं आहे की हसू आवरत नाही. जपानच्या संडासातल्या बटणांच्या गमती सांगत आपली मंडळी परत येतात. त्यांना या निबंधाची आठवण करून द्यावीशी वाटते.

संडासाचाच विषय निघाला आहे, तर २०२३चा 'परफेक्ट डेज'ही सांगते. दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स; पण माणसं, भाषा, शहर सगळं टोकियोचं. नायक शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो. मोठमोठ्या वास्तुरचनाकारांनी बांधलेली ही स्वच्छतागृहं खरीखुरी आहेत. एकाच्या भिंती तर काचेच्या आणि आरपार. आत जाऊन कडी लावली की त्या अपारदर्शक होतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. चित्रपट कॅमेरा वळवतो तो त्या भिंती पुसणाऱ्या माणसाकडे. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 'रस्त्यावर कपटा नाही' म्हणताना तो कुणी उचलला, हे आपण विचारत नाही. इथे त्याच्या घरी जाता येतं. अर्थात, या चित्रपटात गरिबी जरा जास्तच देखणी झाली आहे, असंही मला वाटतं. त्यावर उतारा म्हणून हिरोकाझु कोरे-एदा यांचा २०१८चा 'शॉपलिफ्टर्स' पाहा. दुकानांतून वस्तू चोरून पोट भरणारं एक घर. त्याच टोकियोत.

आता हिरोशिमा.

तिथे आपण अर्धा दिवस असतो. संग्रहालय, घुमटाचा सांगाडा, मुलांच्या स्मारकापाशी कागदी बगळे, आणि मग जेवायची वेळ झालेली असते. संग्रहालयात जळलेला जेवणाचा डबा आहे, एका लहान मुलाची तीनचाकी सायकल आहे. त्यांच्यापुढे काय बोलावं हे कुणालाच कळत नाही, आणि कळू नयेच. पण जाण्याआधी मासुजी इबुसे यांची 'ब्लॅक रेन' ही कादंबरी वाचावी, असं मी आवर्जून सांगेन. ती १९६५-६६ साली मासिकातून क्रमशः आली होती.

कादंबरी बॉम्बची असली तरी सुरू होते लग्नाच्या बोलण्यानं. बॉम्ब पडून काही वर्षं झाली आहेत. खेडेगावात राहणाऱ्या एका गृहस्थाला आपल्या भाचीसाठी स्थळ बघायचं आहे. स्थळं येतात आणि मोडतात, कारण गावात कुजबुज आहे की मुलगी त्या दिवशी हिरोशिमात होती. मग मुलगी धडधाकट आहे हे मुलाकडच्यांना पटावं म्हणून मामा त्या दिवसांच्या डायऱ्या स्वच्छ अक्षरांत उतरवून काढायला बसतो. तिची, स्वतःची. आणि उतरवता उतरवता आपल्यापुढे ते सगळं शहर उलगडत जातं. मुलगी त्या काळ्या पावसात भिजली होती. ते पान उतरवायचं की गाळायचं?

कोणत्याही मराठी माणसाला हे लगेच कळतं. स्थळ, चौकशी, 'मुलीत काही दोष नाही ना?', शेजाऱ्यांनी टाकलेला एक शब्द. अणुबॉम्बवरची आकडेवारी वाचून जे होत नाही, ते या एका मोडलेल्या लग्नानं होतं. शोहेइ इमामुरा यांनी १९८९ साली यावर केलेला चित्रपटही तितकाच संयमी आहे. बॉम्बमधून वाचलेल्यांना स्वतःच्याच देशात कित्येक वर्षं असं लपून राहावं लागलं. त्यांच्याच संघटनेला, निहोन हिदान्क्योला, २०२४ साली शांततेचं नोबेल मिळालं, हेही लक्षात असू द्या.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा १९८८चा ॲनिमेशनपट पुष्कळांना माहीत असतो. कोबे शहरावरच्या बॉम्बवर्षावानंतर उघड्यावर पडलेले भाऊ-बहीण, आणि गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. चित्रपट उत्तम आहे, पण कार्टून आहे म्हणून लहान मुलांपुढे लावून तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका. गंमत म्हणजे जपानमध्ये तो 'माय नेबर टोटोरो'बरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला होता. मुलांना तो टोटोरोच दाखवा.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. नुसतं हिरोशिमा आणि कोबे पाहिलं तर जपान या युद्धात फक्त मार खाणाराच होता असं वाटू लागतं. चीन, कोरिया, फिलिपाइन्समधल्या माणसाला तसं म्हणून बघा! हा हिशेब मांडणारे जपानी कलावंतही आहेत. मासाकी कोबायाशी यांचा 'द ह्यूमन कंडिशन' हा १९५९ ते ६१ या काळात तीन भागांत आलेला चित्रपट मांचुरियातल्या खाणीत सुरू होतो. तिथे चिनी कैद्यांना जपानी लोक कसं राबवतात, आणि त्यात माणुसकीनं वागू पाहणाऱ्या एका जपान्याचं काय होतं, ते त्यात आहे. तिन्ही भाग मिळून साडेनऊ तासांचा आहे. सगळा पाहणं होणार नाही, मला कल्पना आहे. पहिला भाग पाहा.

हे सगळं करायचं कधी, असं तुम्ही म्हणाल. व्हिसाचे कागद जमवण्यातच जीव जातो. सगळं करू नकाच. महिनाभर हातात असेल तर 'तोत्तोचान', 'टोकियो स्टोरी' आणि 'ब्लॅक रेन', एवढी तीन. घरातली मोठी माणसं बरोबर येणार असतील तर 'टोकियो स्टोरी' त्यांच्यासोबत बसून बघा, आणि बघून झाल्यावर लगेच बोलू नका. विमानात करमणुकीसाठी तोरा-सान. आणि हायकूंची आवड असेल तर शिरीष पै यांची पुस्तकं बॅगेत टाका. मराठीत हायकू रुजवला तो त्यांनीच, आणि जपानी बागेच्या बाकावर ती वाचायला फार मजा येते.

सहल स्वतः आखणार असाल तर दोन ठिकाणं यादीत घाला. टोकियोत शिबामाता. तोरा-सानचं घर याच वस्तीत. स्टेशनाबाहेर पेटी घेऊन निघालेल्या त्याचा पुतळा आहे, आणि मागे वळून तो पाहतो तिथे आता त्याच्या बहिणीचाही पुतळा उभा केला आहे. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत काडीला लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे मिळतात, ते खा. दुसरं ओनोमिची. हिरोशिमाहून साध्या गाडीनं दीड तासाच्या आसपास. एका बाजूला डोंगर, त्याच्या उतारावर देवळं आणि घरं, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रेल्वे जाते. तिथल्या जोदोजी देवळाच्या आवारातून खाली आगगाडी जाताना दिसते. सकाळी गेलात तर गर्दी नसते.